देवगडचा लायनफिश आणि नागपुरातलं टेबल: आढळक्षेत्राच्या नोंदीची कामवही

ही वही समुद्रापासून लांब बसून समुद्री माशांवर काम करणाऱ्यांसाठी आहे. देवगडहून नागपूरला एक लायनफिश (विषारी काट्यांचा समुद्री मासा) येणार होता. सोबतच्या चिठ्ठीत पृष्ठपराचे (पाठीवरच्या पराचे) मऊ अर, म्हणजे पराला आधार देणाऱ्या लवचीक काड्या, ११ असल्याचं लिहिलं होतं. टेरॉइस वंशात ठिपकेदार शेपटीचे दोन जुळ्यासारखे मासे आहेत. हिंदी महासागर आणि तांबड्या समुद्रातला टेरॉइस माइल्स याला बहुधा १० मऊ अर असतात. प्रशांत महासागर आणि हिंदी महासागराच्या पूर्व कडेचा टेरॉइस व्होलिटन्स याला बहुधा ११. म्हणजे ११ खरे निघाले तर व्होलिटन्स थेट कोकण किनाऱ्यावर, नेहमीच्या क्षेत्राच्या कितीतरी पश्चिमेला. असा दावा दोन पायांवर उभा राहतो: मासा कोणता आणि पकडला कुठे. बहुतेक जण पहिल्या पायावर महिने घालतात आणि दुसरा तोवर खचून जातो. म्हणून या कामात क्रम उलटा ठेवला.

५ नोव्हेंबर

पेटी निघायच्या आधीच्या सूचना. रेल्वेत फॉर्मॅलिन आणि स्पिरिट दोन्ही नेता येत नाहीत, त्यामुळे बंदरावरच मासा फॉर्मॅलिनमध्ये घालून डबा पाठवायचा हा मार्ग बंद. दोन पर्याय उरतात. बंदरावर आठवडाभर फॉर्मॅलिनमध्ये मुरवून, धुऊन, ओल्या मलमलीत गुंडाळून दोन पिशव्यांत बंद करून पाठवणं. किंवा गोठवून पाठवणं. पहिल्यात डीएनएसाठी मांसाचा तुकडा आधीच काढलेला असावा लागतो. बंदरावर ते करणारं कोणी नव्हतं, म्हणून गोठवलेला मासा मागवला.

पॅकिंग असं सांगितलं: मासा पसरट ट्रेवर सरळ ठेवून गोठवायचा, वाकवायचा नाही. गोठल्यावर पर काचेसारखे तुटतात, तेव्हा भोवती ओला स्पंज. थर्माकोलच्या पेटीत गोठवलेले जेलपॅक खाली-वर, उरलेल्या जागेत वर्तमानपत्राचे बोळे. सुटा बर्फ नको: तो वितळला की डब्यात पाणी सांडतं, आणि उतरवून ठेवलेली पेटी परत मिळवताना दमछाक होते.

६ नोव्हेंबर

पेटी कोल्हापूरहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने आली. जेलपॅक अर्धे मऊ झाले होते, मासा मधोमध अजून कडक. वरचा थर मात्र सुटलेला, उजव्या वक्षपराच्या (कल्ल्यामागच्या पराच्या) दोन अरांची टोकं मोडलेली. मोडलं ते उजव्या बाजूला, हे बरं झालं. फोटो आणि मोजमाप डाव्या बाजूचं घ्यायचं, कापाकापी उजवीकडे करायची, असा संकेत आहे.

मासा वितळवायला घेण्याआधी हे वाचावं. लायनफिशचे १८ काटे विषारी असतात: पृष्ठपराचे १३, गुदपराचे (शेपटीआधी पोटाखालच्या पराचे) ३ आणि दोन श्रोणिपरांचा (पोटाखालच्या जोडपरांचा) एकेक. मासा मेला, गोठला, तरी विष कामाचं राहतं. नायट्राइलच्या हातमोज्यातून काटा सहज आरपार जातो, तेव्हा आत पंक्चर-रेझिस्टंट हातमोजे घालून वर नायट्राइल. विष प्रथिनाचं आहे आणि उष्णतेने निकामी होतं, म्हणून थर्मासमध्ये गरम पाणी आधीच तयार ठेवलं. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या, ४५ अंशांच्या आतल्या पाण्यात अर्धा ते दीड तास भाग बुडवायचा आणि डॉक्टरकडे जायचं. पाणी किती गरम हे न दुखावलेल्या हाताने तपासायचं, कारण दुखऱ्या हाताला भाजल्याचं कळत नाही.

रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून वितळवला. नळाच्या पाण्याखाली धरून घाई केली की कातडीवरचे ठिपके फिकट होतात.

७ नोव्हेंबर

सकाळचं सगळं काम ठरलेल्या क्रमाने. क्रम चुकला तर मागे जाता येत नाही.

फोटो आधी. लाल-तपकिरी रंग फॉर्मॅलिन आणि अल्कोहोलमध्ये उडतो, काळपट तेवढा उरतो. शेपटी, गुदपर आणि पृष्ठपराच्या मऊ भागावर ठिपके आहेत का, हाच निर्णायक मुद्दा, कारण तिसरा दावेदार टेरॉइस रसेली याच्या या परांवर ठिपके नसतात. पर पाण्यात पसरवून काळ्या आणि पांढऱ्या अशा दोन्ही पार्श्वभूमीवर फोटो घेतले, शेजारी मोजपट्टी आणि नमुना क्रमांक. आपल्या माशाच्या शेपटीवर ठिपके स्पष्ट. रसेली बाद.

मग मांस. उजव्या बाजूने, पृष्ठपराच्या खालून, नव्या ब्लेडने हरभऱ्याएवढे दोन तुकडे. एक ९५ टक्के इथेनॉलमध्ये, दुसरा डीएनए टिकवणाऱ्या डीएमएसओ-मीठ द्रावणात (डीएमएसओ हे द्रावक २० टक्के, धातूंचे आयन धरून ठेवणारं ईडीटीए ०.२५ मोलर, पीएच ८, त्यात विरघळेल तेवढं मीठ). हे द्रावण पेट घेत नाही आणि खोलीच्या तापमानाला टिकतं, म्हणून बंदरावर द्यायच्या कुप्यांसाठी ते चाचपून पाहायचं होतं. इथेनॉलला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. परवान्याचा अर्ज काम सुरू होण्याच्या बराच आधी टाका; आमचा वेळ सगळ्यात जास्त तिथेच गेला.

शेवटी मुरवणं. बाजारात मिळणारं फॉर्मॅल्डिहाइड १ भाग, पाणी ९ भाग, लिटरला ३ ग्रॅम बोरॅक्स. बोरॅक्स नसेल तर द्रावण आंबट होतं आणि हाडं मऊ पडतात. पुढे एक्स-रे काढायचा असेल तर हे परवडत नाही. मासा थर्माकोलवर ठेवून पर कीटकांच्या बारीक टाचण्यांनी ताणले, त्यांवर ब्रशने न पातळ केलेलं फॉर्मॅलिन लावलं. पाच-सात मिनिटांत पर उघडे कडक होतात आणि अर मोजणं सोपं होतं. मग पोटात आणि जाड मांसात सुईने तेच १० टक्क्यांचं द्रावण टोचलं आणि मासा आडवा बुडवला. ही सगळी उठाठेव एक्झॉस्ट चालू ठेवून, खिडकी उघडी ठेवून.

आत टोचण्याला कंटाळू नका. दक्षिण आफ्रिकेत डिसेंबर १९३८ मध्ये सापडलेला पहिला सीलाकँथ (नामशेष समजला गेलेला प्राचीन मासा) ऐन उन्हाळ्यात असा सडला की आतडी-कल्ले टाकून द्यावे लागले, आणि त्यांच्यासाठी दुसरा मासा मिळायला १९५२ उजाडलं.

८ नोव्हेंबर

जागेची चौकशी. मासा मुरत असताना हेच करायचं, कारण तांडेलाला (नौकेच्या म्होरक्याला) आठवडाभराने जाळ्याची नेमकी ओढ आठवत नाही आणि प्लॉटरवरचे (नौकेचा मार्ग दाखवणाऱ्या जीपीएस यंत्रावरचे) जुने ट्रॅक नव्या ट्रॅकखाली पुसले जातात.

चिठ्ठीवर फक्त "देवगड बंदर" होतं. हे उतरवल्याचं ठिकाण, पकडल्याचं नव्हे. ट्रॉलर चार-चार दिवस बाहेर असतो, एका फेरीत कितीदा तरी जाळं ओढतो, आणि सगळा माल एकाच खणात जातो. कर्नाटकातल्या नौकाही सिंधुदुर्गासमोर येतात आणि इकडच्या तिकडे जातात. नुसत्या बंदराच्या नावावर आढळक्षेत्राचा दावा कोणी मान्य करू नये.

वाचवलं ते एका खलाशाच्या फोटोने. मासा विचित्र दिसला म्हणून त्याने डेकवरच मोबाइलने टिपला होता. तो आमच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर आला, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत वेळ-ठिकाणाची माहिती गळून जाते. मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पुन्हा मागवली, तेव्हा वेळ मिळाली. मोबाइलची वेळ आणि प्लॉटरचा ट्रॅक जुळवला आणि ओढ नक्की झाली.

आता आकडे. प्लॉटरवर ओढीचा मध्य असा दिसत होता: उत्तर १६ अंश २२.५ मिनिटं, पूर्व ७३ अंश १४.० मिनिटं. फोनवर सांगताना "सोळा बावीस पाच, त्र्याहत्तर चौदा". ऐकणारा हे १६.२२५ आणि ७३.१४ असं लिहून मोकळा होतो. बरोबर रूपांतर मिनिटांना ६० ने भागून: १६.३७५ आणि ७३.२३३. दोन्हींत सुमारे १९ किलोमीटरचा फरक पडतो. बरोबर बिंदू किनाऱ्यापासून सुमारे १५ किलोमीटरवर येतो. चुकलेला बिंदू नैऋत्येला सरकतो आणि १२ सागरी मैलांच्या हद्दीबाहेर पडतो. आकडे तोंडी घेऊच नका, प्लॉटरच्या पडद्याचा फोटो मागा.

शिवाय ट्रॉलची ओढ हा बिंदू नसतो, रेषा असते. ताशी ३ सागरी मैलांनी अडीच तास ओढलं तर साडेसात सागरी मैल, म्हणजे जवळपास १४ किलोमीटर. म्हणून नोंदीत ओढीची दोन्ही टोकं, मध्य आणि "अनिश्चितता ७ किमी" असं लिहिलं. खोली तांडेलाने १५ वाव सांगितली. वावेला ६ फूट धरून सुमारे २७ मीटर. प्लॉटरवरचा आकडा त्याच्या जवळचाच निघाला.

कायद्याचं एका ओळीत: मालवणच्या सागरी अभयारण्याच्या हद्दीत वन विभागाच्या परवानगीशिवाय नमुना उचलता येत नाही, आणि वन्यजीव कायद्याच्या परिशिष्टांत कोणते मासे आहेत (देवमुशी, समुद्रघोडे, राक्षसी ग्रूपर असे) हे बंदरावरच्या माणसाला आधी सांगून ठेवा.

१० नोव्हेंबर

भोईपुऱ्यातल्या मासळी बाजारात राणी माशाच्या पेटीत दुसरा लायनफिश मिळाला. मोह होतो, पण नोंदीसाठी त्याचा उपयोग शून्य. नागपुरात समुद्राची मासळी पश्चिम किनाऱ्याची येते तशी पूर्व किनाऱ्याचीही येते, आणि गाळ्यावर पोचेपर्यंत पेट्या दोनदा तरी फिरवून भरलेल्या असतात. "गाडीत जे आलं ते इकतो भाऊ," यापलीकडे विक्रेता काय सांगणार? बाजारातला मासा धागा मात्र ठरू शकतो. १९९७ मध्ये इंडोनेशियातल्या मानाडोच्या बाजारात हातगाडीवर दिसलेला सीलाकँथ हा असाच धागा होता. पण पुढच्या वर्षी मासेमाराच्या जाळ्यातला नमुना हाती आल्यावरच गोष्ट पक्की झाली.

हा दुसरा मासा सरावासाठी ठेवला. शेपटी साफ, ठिपके नाहीत. सगळे प्रयोग आधी याच्यावर करून पाहिले.

१४ ते २० नोव्हेंबर

दोन्ही मासे फॉर्मॅलिनमधून काढून साध्या पाण्यात तीन दिवस, रोज पाणी बदलत. मग ५० टक्के, मग ७० टक्के इथेनॉल. ९५ टक्क्यांचं ७३७ मिलिलिटर घेऊन पाणी घालून १ लिटर केलं की ७० टक्के होतं. थेट ९५ मध्ये टाकला तर मासा आक्रसतो आणि बुबुळं खोल जातात.

मोजमाप डिजिटल कॅलिपरने, डावीकडून: प्रमाण लांबी (तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या पराच्या बुडापर्यंत) १४८ मिमी. मुरवल्यावर लांबी थोडी घटते, म्हणून "परिरक्षित अवस्थेत मोजलं" हे शब्द तक्त्यात हवेतच. वक्षपरात १४ अर.

पृष्ठपराचे मऊ अर: ११. गुदपराचे: ७. भिंगाखाली, दिवा मागून लावून, दोघांनी एकमेकांचे आकडे न पाहता मोजले. दोघांचेही तेच. व्होलिटन्सचाच सूर. इथे थांबून लेख लिहायला बसणारे बरेच असतात.

२४ नोव्हेंबर

एक्स-रे. जनावरांच्या एका खासगी दवाखान्यात डिजिटल यंत्रावर, ४० केव्हीच्या (किलोव्होल्ट, म्हणजे किरणांचा जोर) आसपास. नेहमीच्या सेटिंगवर मासा जवळपास दिसतच नाही, कारण किरण बारीक हाडं खाऊन टाकतात. मॅमोग्राफीचं यंत्र मिळालं तर सर्वात उत्तम, ते २५-३० केव्हीवर चालतं. मासा अल्कोहोलमधून काढून टिपकागदाने कोरडा केला, पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून थेट प्लेटवर आडवा ठेवला. बाटलीसकट एक्स-रे काढू नका. पहिल्या फोटोत पृष्ठपराचा शेवट शरीराच्या सावलीत गेला. तो भाग किंचित उचलून, खाली फोमचा तुकडा ठेवून पुन्हा काढला.

त्यात सगळं उलगडलं. पृष्ठपराचा शेवटचा "दहावा" आणि "अकरावा" अर आतल्या एकाच आधारहाडावर बसलेले होते. म्हणजे तो बुडापासून दुभंगलेला एकच अर, आणि तो एकच मोजायचा. पृष्ठपर: १३ काटे, १० अर. गुदपरातही तसंच: ३ काटे, ६ अर. बाहेरून बुडाशी कातडी जाड असल्याने ही फूट भिंगाखाली दिसत नाही.

दोन्ही आकडे माइल्सचे.

बाजारातल्या माशात फूट धरूनही ११ आणि ७ भरले. शेपटी साफ असल्यामुळे तो रसेली. ११ आणि ७ हे आकडे रसेलीचेही असतात, त्यामुळे ठिपक्यांचा फोटो नसता तर तो "व्होलिटन्स" म्हणून खपून गेला असता.

२ ते १८ डिसेंबर

डीएनए. प्रजाती ओळखायला वापरतात त्या, मायटोकाँड्रियातल्या सीओआय जनुकाचा ६५५ बेसजोड्यांचा तुकडा. माशांसाठी २००५ पासून प्रचलित असलेली फिश-एफ१ आणि फिश-आर१ प्रायमरची (तुकड्याची दोन टोकं पकडणाऱ्या छोट्या डीएनए धाग्यांची) जोडी. पीसीआर (तुकड्याच्या असंख्य प्रती काढणं): ९५ अंशांवर २ मिनिटं, मग ९४ ला ३० सेकंद, ५४ ला ३० सेकंद, ७२ ला १ मिनिट अशी ३५ चक्रं, शेवटी ७२ ला १० मिनिटं.

इथेनॉलमधल्या तुकड्याचा पट्टा पहिल्याच जेलवर आला. डीएमएसओ-मिठातल्या तुकड्याचा आला नाही, पुन्हा करूनही नाही. डीएनए भरपूर होता, पण द्रावणातला ईडीटीए सोबत आला होता आणि तो प्रती काढणाऱ्या पॉलिमरेजला लागणारं मॅग्नेशियम धरून ठेवतो. उपाय साधा: तुकडा टिपकागदावर पुसायचा, ऊर्ध्वपातित पाण्यात १० मिनिटं दोनदा भिजवायचा, मग डीएनए काढायचा, आणि काढलेला डीएनए दहापट पातळ करून वापरायचा. लगेच पट्टा आला. म्हणजे बंदरावर हे द्रावण द्यायला हरकत नाही.

सिक्वेन्सिंग दोन्ही दिशांनी करून घेतलं. जुळवल्यावर पृष्ठवंशीयांच्या मायटोकाँड्रियाच्या संकेताने भाषांतर करून मध्येच स्टॉप कोडॉन (प्रथिनाची साखळी थांबवणारा संकेत) येत नाही ना, हे पाहिलं. येत असेल तर केंद्रकात शिरलेली जुनी नक्कल वाचली जाण्याचा धोका असतो.

जेनबँक या सिक्वेन्सच्या सार्वजनिक साठ्यात शोधलं तर वरच्या निकालांत दोन्ही नावं शेजारीशेजारी. कारण अनेकांनी दुकानातला किंवा बाजारातला मासा अंदाजाने नाव देऊन टाकलेला आहे. पहिल्या ओळीतलं नाव उचलून लेखात घालणं म्हणजे लग्नपत्रिकेवरून कुळ ठरवणं. जपून ठेवलेला नमुना आणि पकडल्याचं ठिकाण दोन्ही असलेले सिक्वेन्स तेवढे निवडले आणि नात्यांचं झाड बांधलं. आपला मासा तांबडा समुद्र आणि भूमध्य समुद्रातल्या माइल्सच्या गटात बसला.

तरी सीओआयवर एकट्यावर भार टाकायचा नाही. ते फक्त आईकडून येतं, आणि २०१८ च्या एका अभ्यासाने व्होलिटन्स हा हिंदी आणि प्रशांत महासागरातल्या वंशांच्या संकरातून आलेला असावा असं मांडलं आहे. संकराचा संशय असेल तिथे केंद्रकातलं एखादं जनुकही वाचावं लागतं. आपल्याकडे अरांचे दोन्ही आकडे आणि सीओआय एकाच दिशेला असल्याने इथे थांबलो.

५ जानेवारी

"पूर्वी माहीत असलेलं क्षेत्र" नेमकं कोणतं, याची छाननी. माइल्स हे नाव बेनेटने १८२८ मध्ये श्रीलंकेच्या माशावरून दिलं, व्होलिटन्स हे लिनिअसचं, १७५८ चं. मधल्या काळात दोघांना एकच समजण्याची रीत होती. १९८६ मध्ये दोन्ही वेगळे असल्याचं पुन्हा मांडलं गेलं, पण भारतीय याद्यांत जुनं नाव तसंच उतरत राहिलं. म्हणून यादीत "व्होलिटन्स, पश्चिम किनारा" दिसलं की तो दुसरा पुरावा धरायचा नाही. त्या नोंदीमागे बाटलीत मासा आहे का, आणि त्याचे अर कोणी मोजले, हे विचारायचं.

समजा, खरंच व्होलिटन्स निघाला असता, तरी तो पोहत आला की कोणी मत्स्यालयातून सोडला, हा प्रश्न उरलाच असता. फ्लोरिडासमोर १९८५ मध्ये दिसलेल्या लायनफिशमागे पाळीव मासे सोडल्याचंच कारण धरलं जातं. उलट भूमध्य समुद्रात १९९१ मध्ये मिळालेला माइल्स सुएझ कालव्याच्या वाटेचा मानला जातो. आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या तारळीची गोष्ट तिसरीच: १९८५ पर्यंत ती मुख्यतः मलबारच्या पट्ट्यात मिळायची, नंतर उत्तरेकडे मोठ्या प्रमाणात मिळू लागली. ते टनावारी उतरलेल्या मासळीच्या आकड्यांतून दिसलं, एका नमुन्यातून नव्हे. एका माशाने "क्षेत्र वाढलं" म्हणता येत नाही, "इथे मिळाला" एवढंच म्हणता येतं.

निकाल: टेरॉइस माइल्स, देवगडसमोर. माहीत असलेल्या क्षेत्राच्या आतच. आढळक्षेत्र वाढल्याचा लेख रद्द. ठिकाण, एक्स-रे आणि सिक्वेन्ससह स्थानिक नोंद तेवढी पाठवायची.

९ जानेवारी

खर्च, रुपयांत: पेटी, जेलपॅक आणि वाहतूक १,१००, फॉर्मॅलिन, बोरॅक्स, बाटल्या १,४००, एक्स-रे ९००, प्रायमर १,३००, सिक्वेन्सिंग दोन्ही माशांचं, दोन्ही दिशांनी, १,८००. डीएनए काढण्याचं किट आणि इथेनॉल आधीचं होतं, नवीन घ्यायचं तर किटच सगळ्यात महाग पडेल. एक्स-रे डीएनएच्या आधी काढला म्हणून प्रश्न ९०० रुपयांत बराचसा सुटला. उलट क्रमाने गेलं तर पैसे आणि महिना दोन्ही जातात.

१७ जानेवारी

मासा भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या केंद्रात जमा करण्यासाठी तयार केला. नागपूरच्या उन्हाळ्यात अल्कोहोल भराभर उडतं आणि बाटल्या अर्ध्या होतात, हे एक कारण. आणि नोंदणी क्रमांक असलेला नमुना सार्वजनिक संग्रहात नसेल तर पुढचा माणूस अर पुन्हा मोजू शकत नाही, हे दुसरं. लेबल बाटलीच्या आत, जाड कागदावर, मऊ पेन्सिलीने किंवा अल्कोहोलमध्ये न विरघळणाऱ्या शाईने. जेलपेन आणि इंकजेटची शाई आठवड्यात धुऊन जाते.

देवगडला छापून पाठवलेल्या चिठ्ठीत आता हे रकाने आहेत: नौकेचा प्रकार आणि जाळं, फेरी एक दिवसाची की जास्त, ओढ सुरू आणि बंद झाल्याची वेळ, दोन्ही वेळच्या प्लॉटर-पडद्याचा फोटो, खोली वावांत, मासा डेकवरचा की खणातला, डेकवरचा फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला का. माशाच्या नावाचा रकाना काढून टाकला.